चुकेल तो उन्हात

मैदानावर सासऱ्यांना बाबा म्हणायची मला बंदी. घरात बाबा, मैदानावर मास्तर. नातं दिसलं की शिस्त बिघडते म्हणे. म्हणून इथेही मास्तरच म्हणते.

मास्तरांचा लांब पल्ल्याच्या रायफलचा कोर्स दर उन्हाळ्यात, तोही भर दुपारी. थंडीत काय, कोणीही मारेल, असं त्यांचं म्हणणं. उन्हात जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि पल्याडची लोखंडी थाळी पाण्यात असल्यासारखी डुलते. ते मृगजळ दुर्बिणीतून बघायचं, कुठल्या बाजूला वाहतंय त्यावरून वारा ओळखायचा आणि नेमबाजाला सांगायचा, हे माझं काम. मास्तरांसाठीही मीच बघायची. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक. तिसऱ्याच्या कानावर गेलं तर याद राख, असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

शेवटच्या दिवसाचा त्यांचा एक कायदा होता. प्रत्येकाला एकच गोळी. चुकेल त्याने टोपी काढायची आणि उघड्या डोक्याने उन्हात उभं राहायचं, पुढचा कोणी चुकेपर्यंत. पुढचा चुकला की हा सुटला, आणि सुटल्यावर लगेच पुन्हा एक गोळी मारायची. म्हणजे उभा असलेला माणूस मनातल्या मनात दुसऱ्याच्या वाइटावर टपलेला. मास्तरांना त्यातच गंमत वाटायची.

यंदा पहिली गोळी माझ्या नवऱ्याची. इतकी वर्षं त्याने थाळ्या रंगवल्या, रायफली पुसल्या, वाळूच्या पिशव्या वाहिल्या, आणि मास्तर शिकवताना मात्र त्याने मागे उभं राहायचं. आदल्या दिवशी जेवताना मास्तर म्हणाले, "उद्या थाळी वाजवलीस तर कोर्स तुझा. नाही वाजवलीस तर मी मेलो तरी तो तुझ्या हाती लागणार नाही."

पण चटईवर आडवा झाला तेव्हा त्याचा हात काय स्थिर होता! मी वारा सांगितला. काडतूस मास्तरांनी स्वतःच्या हाताने दिलं. गोळी सुटली आणि थाळीच्या वरून निघून गेली. मागच्या टेकाडावर धूळ उडालेली मला दिसली. वर कशी जाईल? मी काडतुसांच्या डबीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. डबी तव्यासारखी तापली होती.

"सकाळपासून जीपच्या बॉनेटवर होती," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तापलेलं काडतूस गोळी वर फेकतं, हे पहिल्याच दिवशी शिकवलं की नाही? हातात घेतल्यावर कळू नये? बापाने दिलं म्हणून घातलं नळीत! बैलोबा कुठला. काढ टोपी."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. नवऱ्याने टोपी काढली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोटच्या पोराला असं कोणी करतं का?

मग कोर्सला आलेली दातांची डॉक्टरीण आडवी झाली. तिला सावलीतल्या डब्यातलं काडतूस. नवरा माझ्याकडे बघत होता. मी एक शब्द उलटा सांगितला असता तर ती चुकली असती आणि तो सुटला असता. मी खरा वारा सांगितला. थाळी वाजली. मग बँकेचा पहारेकरी, मग ट्रक चालवणारे दोघे भाऊ. सगळ्यांना अगदी चोख वारा सांगितला. प्रत्येक टणत्काराला नवऱ्याची मान आणखी खाली जायची. त्याचे ओठ पांढरे पडले, एकदा तोल गेला, सावरला. मला दिसत होतं. मी काही साध्वी नाही. त्या लोकांची दया आली म्हणून खरं बोलले असंही नाही. त्यातलं कोणी चुकून नवरा सुटला असता, तरी मास्तर सावलीत बसून थंड पाणी पीत राहिले असते, आणि मला ते नको होतं.

शेवटची गोळी नेहमी मास्तरांची. ऐटीत आडवे झाले. "सूनबाई, वारा?"

मृगजळ उजवीकडून धो धो वाहत होतं.

"डावीकडून," मी म्हटलं. "चांगलाच आहे, मास्तर."

गोळी सुटली. सगळे कान टवकारून थांबले. थाळी काही वाजली नाही.

"चुकली!" मी मोठ्याने म्हटलं.

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण सून खोटं बोलली म्हणायचं, तर आपल्याला दिसत नाही हे चारचौघांत आधी कबूल करायला हवं.

"टोपी, मास्तर."

त्यांनी टोपी काढली. नवरा धडपडत चटईवर आला. मी दिलेलं काडतूस त्याने आधी गालाला लावून पाहिलं, थंड आहे ना म्हणून. मग हळूच म्हणाला, "माझी चुकली तर ते सुटतील."

"हो."

"म्हातारा माणूस आहे गं."

"वारा उजवीकडून आहे. अर्धी थाळी उजवीकडे धर," मी म्हटलं.

तो बराच वेळ नुसता पडून राहिला. मग गोळी सुटली आणि जरा वेळाने टण्ण आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याची पाठ थोपटली, आणि जो तो आपापली चटई गुंडाळायला लागला.

"पुढचा!" मास्तर ओरडले.

कोणी हललं नाही. आडवं व्हायला कोणी उरलंच नव्हतं. आणि एवढ्या शिष्यांदेखत स्वतःचा कायदा मोडून सावलीत यायचे ते नव्हेत, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"पुढचा!" या वेळी आवाज चिरकला.

मी दुर्बीण पिशवीत घातली आणि नवऱ्याला पाणी द्यायला गेले.