सुझानाची चूल

"फियोना, हात दे गो. मना उठायलाच नाय येत."

भाजलेल्या मिरच्यांची शेवटची खापरी चुलीवरून उतरवून सुझाना पाटावरून उठायला गेली आणि गुडघे तिथेच अडकले. तिने शेजारची भिंत धरून पाहिली, जमिनीवर तळहात टेकून पाहिले. फियोना, तिची सून, ओढून ओढून दमली. शेवटी मुलाला, जेराल्डला हाक मारावी लागली. त्याने काखेत हात घालून आईला उचललं, तेव्हा मसाला न्यायला आलेल्या दोन बायका फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. सुझानाला तेच लागलं. हसल्या असत्या तर तिने चार शब्द सुनावले तरी असते.

सुझानाचा बाटलीतला मसाला ठाऊक नाही असं ख्रिस्ती घर बाळकुमच्या गावठाणात नसेल. एप्रिल लागला की तिच्या अंगणात चूल पेटायची. धणे, तीळ, खसखस, मिरच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कांडायचा आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने तिला चुलीपुढच्या पाटावर बसवलं होतं. नवरा व्हॅलेंटाईन गेला त्या उन्हाळ्यातही ती तिथून उठली नव्हती. लोकांनी नावं ठेवली. पण त्या चुलीपुढेच तिला रडता आलं होतं, धुराचं निमित्त करून.

पाऊस सुरू झाल्यावर जेराल्ड तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गुडघ्यांची झीज झाली होती. ऑपरेशन एवढ्यात नको, आधी वजन उतरवा, व्यायाम करा, असं सांगून त्यांनी तिला ऋजुताकडे पाठवलं. ही फिजिओथेरपिस्ट मुलगी डोंबिवलीहून रोज बाळकुमला यायची.

"आंटी, गुडघ्यातली झिजलेली गादी काही परत येत नाही," ऋजुता म्हणाली. "पण मांडीचे स्नायू मजबूत झाले ना, की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुखणं खूप कमी होईल. फक्त जमिनीवर बसणं बंद."

"बंद म्हणजे कदीपर्यंत?"

ऋजुता जरा घुटमळली. "आधी बरं तर वाटू दे."

सुझानाने तो 'आधी' घट्ट धरून ठेवला. आधी म्हटलं म्हणजे नंतर काहीतरी असणारच.

मग तिने घरच्यांना चकित केलं. सकाळी चहा झाला की ती पायात बूट घालून चर्चपर्यंत चालत जायची. पहिले काही दिवस वाटेतल्या दोन-तीन ओट्यांवर टेकावं लागायचं. हळूहळू ओटे मागे पडत गेले. परत आली की पलंगावर पाय लांब करायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबून धरायची. दाबताना ती तोंडाने 'हेल मेरी' म्हणायची. प्रार्थना संपेपर्यंत पाय सोडायचा नाही. रात्रीचा भात गेला. तळलेले बोंबील फक्त रविवारी, तेही मोजके. थंडीत गुडघे आखडले की गरम पाण्याची पिशवी. घरात कमोड बसवून घ्यायलाही तिने कुरकुर केली नाही.

नाताळपर्यंत कपडे सैल झाले. रात्री कूस बदलताना तोंडातून निघणारं 'आई गं' कधी थांबलं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. चर्चच्या पायऱ्या ती कठडा न धरता चढू लागली.

"मम्मी, तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट झालात," फियोना म्हणायची. सुझाना नुसती हसायची. एप्रिलमध्ये काय करायचं आहे, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऋजुताला तर मुळीच विचारलं नव्हतं. विचारलं तर ती नाही म्हणेल, ही भीती होती.

एप्रिलमधल्या एका सकाळी फियोना बाजारात गेलेली पाहून तिने चूल पेटवली आणि पाट मांडला. खाली बसताना गुडघ्यात कळ आली, पण बसली. दुपारपर्यंत धणे आणि तीळ भाजून झाले. बाजारातून परतलेली फियोना दारातच थबकली. तिच्या देखत सुझाना भिंतीला धरून उठली. कुणाचाही हात न घेता.

"बगितलंस? कुनी धरलं मना?"

दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. ऋजुता घरी आली, तिने गुडघा हळूच दाबून पाहिला.

"आंटी, सांगितलं होतं ना, खाली बसायचं नाही?"

"तू म्हणालीस, आधी बरं वाटू दे. मना बरं वाटलं."

ऋजुताने गुडघ्यावरचा हात काढला. मग ती हळूच म्हणाली, "खाली बसणं आता नाहीच, आंटी. कधीच नाही."

"मंग एवढं चालले ते कशाला?"

"रात्री झोप लागते, पायऱ्या चढता. ते काय कमी आहे?"

"ते मी कुटं मागितलेलं? मना चुलीपुढं बसायचं होतं."

सूज उतरली तरी सुझाना चालायला गेली नाही. टॉवेलची गुंडाळी पलंगाखाली गेली. फियोनाने स्वयंपाकघरात गॅसवर भाजून बघू म्हटलं, तर तिने पाठ फिरवली. मिरच्यांची पोती अंगणात तशीच पडून होती. आठवड्याने रात्री कूस बदलताना तिच्याच तोंडून 'आई गं' निघालं आणि ती स्वतःच दचकली. सकाळी तिने मुलाला उठवलं.

"जेराल्ड, मी खाली नाय जाऊ शकत. चूल वर घे."

जेराल्डने सिमेंटचे ठोकळे रचून अंगणातच कमरेएवढा ओटा उभा केला, त्यावर माती लिंपून चूल बसवली आणि मित्राच्या हॉटेलातून एक उंच स्टूल आणलं. सुझाना चर्चपर्यंत चालून आली, स्टुलावर चढून बसली आणि नव्याने धणे भाजायला घेतले. खापरी फार जवळ वाटत होती, हात कोपरातून अवघडत होता. फाटकाशी आलेली एक बाई म्हणाली, "बाय, उडपी हॉटेल काडलंस काय?" या वेळी सुझानाने चार शब्द सुनावले.

धूर ओसरला तसं तिने सहज समोर पाहिलं. शेजारच्या सोसायटीने बांधलेली भिंत आजवर चुलीपुढे बसून तिला नुसती सिमेंटची दिसायची; उभ्याने तिकडे बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं. आज नजर भिंतीवरून पलीकडे गेली. तिथे गवत होतं, घसरगुंडी होती, आणि गवताच्या कडेने एक बुटका बांध वाकडा होत गेला होता. माळ्याने त्यावर फुलझाडं लावली होती. तो बांध ती ओळखत होती. सोसायटीखाली गेलेल्या, सासऱ्यांच्या भातशेताचा होता. व्हॅलेंटाईन पावसात त्यावरून अनवाणी पळत यायचा.

बांधावर सोसायटीतली कुणी एक म्हातारी बाई अनवाणी पाय गवतात सोडून बसली होती. शेजारी तिची चप्पल नीट ठेवलेली होती.

सुझाना त्या अनवाणी पायांकडे बघत राहिली. मग धण्यांचा करपल्यासारखा वास आला. तिने लगबगीने खापरी उतरवली, करपलेले दाणे वेचून बाजूला टाकले आणि धण्यांची दुसरी मूठ घेतली.