राहीबाईनं ऐकलेली टिकटिक

लढाई संपली आणि हंबीरराव ब्रह्मदेशातून कोरेगावला परत आला. शेतात त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. ऊस भावांनी नीट सांभाळला होता. फौजेत तो लॉऱ्या चालवायचा, बिघडल्या तर दुरुस्तही करायचा. म्हणून त्यानं सातारच्या रस्त्याकडेला एक छप्पर घातलं आणि मोटारी दुरुस्त करू लागला.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. इरावती नदीच्या काठी त्याच्या लॉरीजवळ तोफगोळा फुटला, तेव्हापासून त्याला बारीक आवाज ऐकू येत नव्हते. माणसाचं बोलणं तो कानानं थोडं आणि ओठांवरून बरंचसं समजून घेई. गावात म्हणत, हंबीरराव फौजेतून मिजास घेऊन आलाय, हाक मारली तरी वळत नाही. तसं म्हटलेलं त्याला चालत होतं. पण बहिऱ्या माणसाकडे मोटार कोण आणणार?

त्याची बायको राहीबाई सगळं ओळखून होती. घरात ती त्याच्या समोर आल्याशिवाय बोलत नसे. त्याविषयी तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता.

थंडीतल्या एका सकाळी साताऱ्याचे विष्णुपंत वकील आपली जुनी काळी मोटार घेऊन छपरापाशी थांबले.

"हंबीरराव, इंजिनात टिकटिक येते आहे," ते म्हणाले. "सकाळी जोरात असते, गाडी तापली की कमी होते. उद्या सांगलीला जाऊन शरयूला आणायचंय. मुलगी बाळंत झाली आहे माझी. तान्हं मूल गाडीत असताना वाटेत काही व्हायला नको."

हंबीररावनं बॉनेट उघडलं आणि इंजिनावर वाकला. त्याला खालची घरघर तेवढी जाणवली, तीही मडगार्डवर ठेवलेल्या हाताला. तरी त्यानं ऐकल्यासारखी मान हलवली.

"टॅपेट ढिले झाले असतील," तो म्हणाला.

बहुतेक वेळा टिकटिक तिथलीच असते. त्यानं इंजिन बंद करून बाजूचं झाकण काढलं आणि पोलादाच्या पातळ पट्ट्या सरकवून झडपा उचलणाऱ्या टॅपेटमधली फट तपासली. सगळं जिथल्या तिथं होतं. झाकण परत बसवून त्यानं इंजिन चालू केलं.

"आहे अजून," विष्णुपंत म्हणाले. "थोडी कमी आहे, पण आहे."

तेवढ्यात राहीबाई भाकरी घेऊन आली. ती बाजूला उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. तो पुन्हा वाकला, पुन्हा मान हलवली. 'काही धोका नाही, जा खुशाल,' असं सांगून टाकावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. वकिलांनी विश्वास ठेवला असता. पण ते तान्हं मूल त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

राहीबाई टोपली ठेवून त्याच्या समोर आली.

"मी ऐकू का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं ते तुमी बघा. मी निस्तं ऐकते."

हंबीरराव बराच वेळ हात पुसत राहिला. मग विष्णुपंतांकडे वळला.

"वकीलसाहेब, ही टिकटिक मला ऐकूच येत न्हाई. लढाईत कान गेल्यात. मघापासनं मी ऐकल्याचं सोंग करतोय."

विष्णुपंत किल्ली मागतील आणि निघून जातील, असं त्याला वाटलं.

"मग बाईंना ऐकू द्या," ते तोंड त्याच्याकडे वळवून जरा मोठ्यानं म्हणाले.

गाडी थंड झाल्यावर आवाज नीट येणार, म्हणून इंजिन बंद करून ठेवलं. विष्णुपंत बाजारपेठेत एका अशिलाकडे जाऊन दुपारी परत आले. हंबीररावनं इंजिन चालू केलं, लांब पेचकसाची मूठ राहीबाईला कानाला लावायला दिली आणि दुसरं टोक इंजिनावर कुठं टेकवायचं ते दाखवलं. तेव्हा एसटी नव्हती; खासगी सर्व्हिस मोटारीची वाट बघणारी माणसं हा प्रकार पाहायला रस्त्याच्या कडेला गोळा झाली. राहीबाईनं पदर सावरला आणि डोळे मिटले.

"इथं न्हाई," टॅपेटच्या झाकणावर टोक ठेवून ती म्हणाली. मग मूठ कानापासून दूर केली आणि नुसतीच वाकून ऐकू लागली. "ह्या अंगाला हाय."

"कसा आवाज हाय? लोखंडावर लोखंड आपटल्यागत?"

"न्हाई. बैलाला चुचकारताना जिभेनं करतो न्हवं, तसा. त्यात वारा हाय."

वारा म्हणताच हंबीररावचा चेहरा बदलला. इंजिनातला धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ अजून तापला नव्हता. हात थुंकीनं ओला करून त्यानं नळाच्या सांध्याजवळून हळूहळू फिरवला. मागच्या टोकाशी तळव्याला बारीक बारीक फुंकर लागली. वाकून बघितलं, तर तिथं काजळीची काळी रेघ उमटली होती.

"इंजिन चांगलं हाय, साहेब. सांध्यातलं पॅकिंग फाटलंय, तिथनं धूर निसटतोय. नळ तापून फुगला की फट मिटती, म्हणून आवाज कमी होतोय."

त्यानं नळ सोडवला, फौजेतून आणून जपून ठेवलेल्या ॲस्बेस्टॉसच्या तुकड्यातून नवं पॅकिंग हातोडीनं ठोकत ठोकत कापलं आणि नट आळीपाळीनं आवळले. इंजिन चालू झाल्यावर दोघेही राहीबाईकडे बघू लागले.

"गेला," ती म्हणाली.

"नक्की ना?" विष्णुपंतांनी विचारलं.

"गेला म्हंजे गेला."

निघताना विष्णुपंत म्हणाले, "सांगलीहून परत येताना थांबेन. दोघांनी मिळून एकदा बघा."

धूळ खाली बसल्यावर राहीबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि नवऱ्याच्या समोर बसली.

"कानात काईच येत न्हाई का वो?"

"येतं की. रातकिड्यागत. सारखं येतं."

"आत्ता बी?"

"आत्ता बी. उजव्या अंगाला जास्त."

ती त्याच्या उजव्या कानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कसं झालं ते सांगा तरी."

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारू दिलं नव्हतं. हंबीररावनं भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच धरून ठेवला, आणि नदीच्या काठापासून सांगायला सुरुवात केली.