सिंधूची झाडलोट

पितळी पातेलं गडगडत माझ्या दारापर्यंत आलं. त्याच्यामागून गंज आला, मग उलथणं. मी चुलीपुढं बसले होते, तशीच उठून बाहेर आले. आषाढाची भुरभुर चालू होती आणि अंगणात काळ्या मातीचा असा राडा झाला होता की उलथणं उभंच रुतलं.

"कडप्प्यावर ठिवू नको म्हणून कितीदा सांगायचं ग तुला?" धुरपताबाई दारात उभी राहून आत वरडत होती. "कान हायत का खुट्ट्या?"

"घासून ठिवलेली भांडी हायत ती, आत्या," आतून सिंधूचा आवाज आला. "खाली ठिवली की येता-जाता पाय लागतो."

"लागू दे. घर माझं हाय."

"मग मी कोण?"

"तू? मेलेलीच्या जागी आणलेली."

सिंधू बाहेर आली, माझ्या दारातलं पातेलं उचललं, माझ्याकडं बघितलं बी न्हाई. हौदावर जाऊन तिन्ही भांडी परत घासली आणि नेऊन होती तिथं ठेवली. पाच महिने हेच चाललं होतं.

आमचं जुनं गाव भूकंपात गेलं. दयानंदची पहिली बायको महानंदा आत झोपली होती, तिच्यावर माळवद, मातीचं छत, आलं. त्याची माय धुरपताबाई आणि पोरगी पुनम उकडतंय म्हणून अंगणात बाजेवर होत्या, त्या वाचल्या. मग सरकारनं हे नवं गाव वसवलं, रांगेनं दोन-दोन खोल्यांची पक्की घरं. दयानंदचं घर माझ्या घराला लागूनच. पण धुरपताबाई त्या स्लॅबखाली एक दिवस झोपली न्हाई. पुढं पत्र्याचं शेड ठोकून घेतलं आणि तिथंच राहिली. पाचव्या वर्षी दयानंदनं लोह्याकडची सिंधू करून आणली. तिला पहिल्या नवऱ्यानं टाकलेलं.

सिंधूच्या हाताला एक वळण होतं. उठली की तोंड धुवायच्या आधी अंथरुणं घडी करून पेटीवर. मग मागच्या खोलीपासून दारापर्यंत झाडणं, त्यावर ओल्या फडक्यानं फरशी पुसणं. रानातून आलेली खुरपी आणि चपला दाराबाहेर, उजव्या हाताला. दिवेलागणीच्या आत परत एक हात झाडू. बस्, एवढंच. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या.

आणि ती रानात गेली की धुरपताबाई आत शिरायची. अंथरुणं ओढून पसरायची, कडप्प्यावरचे डबे खाली उतरवायची, खुंटीवरचे कपडे काढून पुढच्या खोलीत ढीग घालायची. भिंतीला काही टेकलेलं तिला चालायचंच न्हाई.

"महानंदाच्या हाताची सर न्हाई हिला," मला ऐकवायची. "नुस्तं झाडतीया. झाडून झाडून आम्हाला बी बाहेर काढंल एक दिवस."

पुनम आजीच्या बाजूनं. सिंधूला ती कशानंच हाक मारायची न्हाई. "ए, भाकर दे," एवढंच. आणि दयानंद? तो दोघींचा आवाज चढला की बैलांकडं जायचा.

मी एकदा सिंधूला म्हणलं, "कशाला दर रोज लावतीस ग? पडू दे की पसारा."

"नागुबाई," ती म्हणाली, "पहिल्या घरात सात वर्सं झाडलं. तिथून हाकललं. आता हितं पसाऱ्यात बसले तर ह्या घरात माझं काय हाय, सांगा."

त्या साली पुनम दहावीला तालुक्यात दुसरी आली. लातूरच्या कॉलेजात सायन्सला नंबर लागला. तेव्हा लातूरच्या शिकवण्यांचं येडच लागलं होतं सगळ्यांला. ज्याच्या पोराला बरे मार्क, तो निघाला लातूरला. तिची राहायची सोय एका बाईच्या होस्टेलात झाली. उद्या कॉलेजात नाव घालायचा शेवटचा दिवस, आणि आज सकाळी दहावीचा मेमो, मार्कांचा कागद, सापडंना.

"काल हितंच कपड्यांच्या ढिगावर ठिवला होता!" पुनम रडून रडून लाल झाली. "हिनंच झाडून टाकला! मी घरातून जावं असं हिला वाटतंय, पर शिकून पुढं जाऊ नये असं बी वाटतंय!"

"उकिरड्यावर बघा की," धुरपताबाई शेडातून म्हणाली. "तिथंच जातंय सगळं, हिच्या हातून."

सिंधू उठली. पावसात उकिरड्यावर गेली, गुडघ्यावर बसून हातानं सगळा केर उपसला. एक-एक चिटोरं उलगडून बघितलं. तासाभरानं शेणानं भरलेले हात घेऊन आली.

"न्हाई तिथं," म्हणाली. "आणि असणार बी न्हाई. मी कागद बघितल्याशिवाय केरात घालत न्हाई."

"मग काय पाय फुटले त्याला?" धुरपताबाई.

सिंधूनं हात धुतले आणि घर रिकामं करायला घेतलं. पेटी, डबे, पोती, गोधड्या, सगळं दारात ताडपत्री टाकून त्यावर. पुनमची पुस्तकं पानन् पान झटकली. दुपारपर्यंत दोन्ही खोल्या मोकळ्या झाल्या. मेमो न्हाई. मग तिनं झाडू उचलला आणि शेडाकडं वळली.

धुरपताबाई बाजेवरून उठली. हातात काठी.

"पाय ठिवलास तर तंगडी मोडीन."

"मोडा. पाच महिन्यांत तुम्ही हितं झाडू दिलं न्हाई. आज झाडणार."

"दयानंदाऽऽ!" म्हातारीनं हाक मारली. दयानंद बैलांजवळून हलला न्हाई.

काठी सिंधूच्या खांद्यावर बसली. चांगला आवाज झाला. मी मधी पडायला धावले, तोवर ती आत शिरली होती. बाज उभी केली, गोधडी झटकली, आणि उशाच्या गठुड्यातून महानंदाचं जुनं लुगडं बाहेर आलं. त्याच्या घडीत मेमो होता. नीट, सुरकुती न पडलेला.

पुनम आजीकडं बघतच राहिली. "मोठे माय, तू?"

धुरपताबाई भुईवर बसली. काठी तशीच हातात.

"तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाणार म्हणं तू," ती म्हणाली. "वर दोन मजले, खाली दोन. तुझी माय एका माळवदाखालून निघाली न्हाई. तू कुठून निघशील? मला परत उकरायला लावता का?"

मला वाटलं, आता सिंधू तिच्याजवळ बसंल, पाठीवरून हात फिरवंल. तिनं मेमो पुसला आणि पुनमच्या हातात दिला.

"भीती वाटली तर सांगायचं, आत्या," ती म्हणाली. "चोरी करून माझ्या नावावर टाकायची न्हाई. महानंदाबाई गेल्या, त्यात माझा काय गुन्हा? मी त्यांना बघितलं बी न्हाई."

तेव्हा कुठं दयानंद दारात आला. खाली बघत म्हणाला, "सिंधू, उद्या पोरीसंगं तूच जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं दोघी गेल्या. परत आल्यावर सिंधूनं मला सगळं सांगितलं. कॉलेजात नाव घातलं. होस्टेलवाली म्हणाली, खाली एकबी खोली न्हाई. सिंधू म्हणाली, ती जिन्याखालची कशाची? बाई म्हणाली, अडगळीची. फुटकी बाजली, जुन्या गाद्या, उंदरं. सिंधूनं पदर खोचला. होस्टेलवालीशी अर्धा तास भांडली, मग दुपारभर ती खोली उपसली. पहिल्यांदा पुनम दारात नुस्ती उभी होती. मग बादली घेऊन नळावर गेली. सात बादल्या आणल्या. सिंधू एकटी परत निघाली तेव्हा बी पुनमनं तिला कशानं हाक मारली न्हाई, एस्टीत खिडकीची जागा मात्र धरून दिली.

सिंधू घरी आली तेव्हा दिवस मावळला होता. धुरपताबाई शेडाच्या तोंडाशी बसली होती. सिंधू तिच्यापुढून पाण्याची घागर घेऊन निघाली.

"कितव्या मजल्यावर?" म्हातारीनं विचारलं.

"खाली. दारातून चार पावलांवर रस्ता."

"झाडून दिली का?"

"दिली."

"धुतली?"

"धुतली."

"धुतली असशील वरवर," धुरपताबाई म्हणाली. "तुझं मला काय खरं वाटत न्हाई."

"मग जाऊन बघा. सकाळी सात वाजता एस्टी हाय," सिंधू म्हणाली आणि घागर घेऊन आत गेली.

तिसऱ्या दिवशी मी रानात निघाले, तर धुरपताबाई फाट्यावर उभी. धुतलेलं लुगडं, हातात भाकरीचं गाठोडं. पाच वर्षांत ती गावाबाहेर गेली नव्हती, कुणाच्या छताखाली बसली नव्हती.

"कुठं निघालीस ग म्हातारे?"

"लातूरला. बघते काय दिवे लावलेत हिनं."

दिवसभर ती त्या खोलीत बसली, पुनमनं नंतर सांगितलं. आत, भिंतीला पाठ लावून. संध्याकाळी एस्टीतून उतरली आणि घरापर्यंत दम धरवला न्हाई तिला, फाट्यापासूनच गल्लीला ऐकू जाईल असं वरडत आली:

"कोपऱ्यात जाळं होतं! ह्येवढं! मी काढलं म्हणून, न्हाईतर पोरगी जाळ्यातच झोपली असती!"

सिंधू दारात झाडत होती. ती थांबली न्हाई, पण मी शेजारून बघितलं, हसत होती.