एकोणचाळिसावं विद्यापीठ

मी बोलताना अडखळते. माझी वाक्यं पुरी करायचं काम बाबांनी लहानपणापासून अंगावर घेतलंय. विशेष शिक्षणाच्या पदवीसाठी दोन विद्यापीठं बघायला निघाले, तेव्हाही ते बरोबर होतेच.

पहिलं विद्यापीठ क्रमवारीत दुसरं. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी आम्हाला चाळीस मिनिटं समजावलं, की या कामात संयम लागतो, मुलाचं ऐकून घेता आलं पाहिजे.

मी विचारायला गेले, "मॅडम, प्र... प्र..."

"प्रवेशपरीक्षा ना? अगदी सोपी असते!"

"प्रमाणपत्राचं विचारतेय ती," बाबांनी दुरुस्ती केली.

मला प्रत्यक्ष शाळेत शिकवायला कधी पाठवतात, ते विचारायचं होतं.

दुसरं विद्यापीठ एकोणचाळिसावं. खिडकीत एक टकले कारकून चहा पीत होते. मी तोच प्रश्न सुरू केला. बाबांनी तोंड उघडलं.

"थांबा हो साहेब, ती बोलतेय ना!" कारकून म्हणाले. माझा प्रश्न संपेपर्यंत त्यांच्या चहावर साय धरली. मग ते म्हणाले, "पहिल्याच वर्षी. दर बुधवारी."

घरी येऊन मी फॉर्म भरला. बाबांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, दुसऱ्या क्रमांकाचं सोडून एकोणचाळिसावं? कशासाठी?"

"त्या का... का..."

"कारकुनासाठी?" बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांत माझं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच बरोबर पुरं केलं होतं.