हडळ, भाग दोन

"मावशी, त्याला पाण्यात टाका की. पायावर काय घ्यायलाव?" मोबाइलवर पिक्चर काढणारा प्रीतम ओरडला.

बाहुली सोनपेठच्या बाजारातली, रबरी. पण सरजाबाईच्या हातांना ते कोण सांगणार? तीस वर्षं गावातली बाळं न्हाऊ घातलेले ते हात. गोदावरीच्या काठावर, भर उन्हात, पांढरं लुगडं नेसून आणि केस मोकळे सोडून ती पाय पसरून बसली, बाहुलीला पालथं घातलं आणि पाठ चोळू लागली. मग उताणं करून नाक ओढलं, टाळूवर तेल थापल्यासारखं केलं. जमलेली माणसं हसून हसून लोळली.

"हेच ठेवू," प्रीतम म्हणाला.

त्याने मेक्सिकोचा कुठलासा स्वस्तातला, हसवणारा भुताचा पिक्चर पाहिला होता. त्यातली पोरं बुडवणारी बाई उचलून त्याने तिची आपली हडळ केली. सरजाबाई उंच, हाडकुळी, दात पुढे, एका डोळ्यात फूल पडलेलं. "मेकपचा खर्च वाचला," असं तो तिच्या तोंडावर म्हणाला, तरी ती हसली. प्रीतमलाही तिनेच न्हाऊ घातलं होतं, आणि उभ्या जन्मात कुणी हौसेने तिचा साधा फोटो काढला नव्हता.

पिक्चर घरोघरी मोबाइलवर पोचला. हडळ बाळाला न्हाऊ घालते, बाळ निळं पडतं, मागे कुत्रं रडतं. गाव पोट धरून हसलं. हसलं खरं, पण पुढच्या महिन्यात दोन बायका बाळंत झाल्या आणि सरजाबाईला बोलावणं आलं नाही. न येऊ दे, ती मनाशी म्हणाली. तिचा जीव एकाच न्हाणात अडकला होता. गावातच दिलेली तिची लेक राजेश्री लग्नानंतर आठ वर्षांनी गरोदर होती.

राजेश्रीला मुलगा झाला. पण परभणीच्या दवाखान्यातून तिला माहेरी आणायचं सोडून सासू सुमनबाईने थेट आपल्या घरी नेलं. सरजाबाई तेलाची वाटी घेऊन तिथे गेली, तर सुमनबाई दारात आडवी.

"इहीणबाई, राग मानू नका. पर लेकराला हात लावू नका. मन धजंना माझं."

"तीस वर्सं झाली, बाई. एका लेकराला कदी ओरखडा न्हाई."

"आसंल. पर आमी डोळ्यानं बघितलंय न्हवं."

सरजाबाईने आत लेकीकडे पाहिलं. राजेश्री बाळाचं टोपरं सारखं करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना आई. उगं कशाला."

ते 'उगं' तिच्या काळजाला लागलं. आठ वर्षं याच दिवसासाठी तिने लोकांची पोरं न्हाऊ घातली होती. आता रोज सकाळी दोन गल्ल्यांपलीकडून नातवाचं रडणं ऐकू येई. पाणी कडक आहे, एवढं तिला त्या रडण्यावरून कळे.

सव्वा महिना झाला आणि प्रीतम भाग दोन घेऊन आला. या खेपेला त्याला खरं बाळ हवं होतं. जावई परमेश्वर आपलं बाळ द्यायला एका पायावर तयार झाला, आणि सुमनबाईनेही आढेवेढे घेतले नाहीत.

"मला न्हाऊ घालू देत न्हाईत, अन् ह्याला देताव?" सरजाबाईने विचारलं.

"पिच्चर खोटा असतोय, इहीणबाई. न्हाणं खरं असतंय. धा मिंटाचं काम. मग मीठ-मोहऱ्या उतरून टाकते."

सरजाबाई पांढरं लुगडं नेसून सुमनबाईच्या अंगणात बसली. नातू पहिल्यांदा तिच्या हातात आला. कोमट, जड, तिच्याकडे टकमक बघणारा. दात विचकून हसायचं होतं. तिला हसू आलं नाही.

"चुकलं बाबा. पुन्यांदा घे," ती प्रीतमला म्हणाली.

दुसऱ्या वेळी ती मोबाइलकडे बघायचंच विसरली. तिसऱ्या वेळी केस तोंडावर आले. चौथ्या वेळी ती आधीच हसली. बाळ एव्हाना तिच्या हातात झोपून गेलं होतं. बघ्यांना वाटलं, म्हातारी बावचळली. राजेश्रीला तेवढं कळलं, तिने मान खाली घातली.

"मावशी, डोकं चालंना का तुमचं?" प्रीतम वैतागला.

"आणखी एकदा. आता न्हाई चुकत."

सहाव्यांदाही चुकलं. "बास. हाय त्यातच भागवू," म्हणत प्रीतमने मोबाइल खिशात घातला.

सुमनबाई पुढे झाली, तिने बाळ उचललं आणि पदर ओला करून, सरजाबाईचा हात लागला होता तिथे तिथे, त्याचं अंग पुसायला घेतलं. सरजाबाई बघत राहिली. मग तिने केस गोळा केले, अंबाडा घातला आणि पदर नीट करून उठली.