जे फक्त पायाला ठाऊक होते

मित्रांनो, जुन्या मोटारसायकलीला कुणी तिचे वय विचारत नाही. "किती किकमध्ये सुरू होते?" एवढेच विचारतात. उन्हाळ्यात मी लगेच सुरू होते, पावसाळ्यात मात्र थोडी मनधरणी करून घेते. माझ्या टाकीचा निळा रंग गुडघे घासून घासून राखाडी झाला आहे आणि डावा आरसा वारा आला की मान फिरवतो. पण मी तुम्हाला माझी दुखणी सांगायला बसलेली नाही. एका ओल्या दुपारी माझ्या चाकांवर जे घडले आणि त्यानंतर एका मुलीचे जे झाले, ते मला सांगायचे आहे.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मले. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होत्या. कुणी चाके बसवत होते, कुणी दिवे. शेवटच्या कामगाराने माझे नट आवळले, सीटवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, सुखाने नांद!" सासरी निघालेल्या मुलीसारखी मी कारखान्यातून बाहेर पडले.

माझे सासर मोठे गमतीचे निघाले. माझे मालक दातांच्या कवळ्या बनवतात. गल्लीत सगळे त्यांना 'दातवाले' म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे काम चालते. टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले असतात, मेणाचा वास येत असतो आणि खिडकीत गुलाबी हिरड्या वाळत असतात. मालकीणबाई म्हणायच्या, "घरात एवढ्या बत्तिश्या पडल्यात, पण एक माणूस हसेल तर शपथ!"

तयार झालेली कवळी ओलीच ठेवावी लागते, नाहीतर तिचा आकार बिघडतो. म्हणून मालक ती ओल्या कापसात गुंडाळून पिशवीत घालत, पिशवी माझ्या बाजूच्या पेटीत ठेवत आणि आम्ही दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ती पोचवायला निघत असू. पाऊस असला तरी आम्ही थांबत नसू. कुणीतरी तिकडे मऊ भात खाऊन कंटाळलेले असे, दातांची वाट पाहत असे. वाटेत बागेच्या भिंतीलगत एक सखल रस्ता आहे. थोडा पाऊस झाला की तिथे माझ्या चाकांच्या मध्यापर्यंत पाणी साचते. त्यातूनही आम्ही सुखरूप बाहेर पडत असू. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "दातवाले, ही गाडी आहे की होडी?" मग मला अभिमान वाटे आणि माझे इंजिन उगीचच जास्त गुरगुरत राही.

पुढे मालकांचा उजवा गुडघा सुजला. जिना चढताना ते कठड्याला धरून थांबू लागले. तेव्हा कवळ्या पोचवायचे काम त्यांच्या मुलीने अंगावर घेतले. घरात तिला 'चिंगी' म्हणतात. ती कॉलेजात जाण्याइतकी मोठी झाली तरी हे नाव काही सुटले नाही.

मालकांनी तिला मोकळ्या मैदानात शिकवले. ते शिकवायला लागले की थांबतच नसत. "ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक झटकन दाबायचा नाही, चाक घसरतं. रंगवलेल्या पट्ट्यांवर गाडी कलती करायची नाही. पाण्यात शिरलीस की वेग एकसारखा ठेवायचा, मध्येच गॅस सोडायचा नाही."

"बाबा," चिंगी म्हणाली, "तुम्ही दात बनवता म्हणून तोंड सतत चालू ठेवलंच पाहिजे असं नाही!"

पण तिने सगळे मनावर घेतले होते. तिच्या चालवण्यात उतावळेपणा नव्हता. ती मला सांभाळून चालवू लागली.

आणि मग ती दुपार आली. सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. पेटीत एका आजोबांची नवी कवळी होती. सखल रस्त्यावर पाणी भरले होते. चिंगीने शिकवल्याप्रमाणे वेग एकसारखा ठेवला आणि आम्ही पाण्यातून बाहेर आलो. पुढे थोड्याच अंतरावर वळण आहे आणि वळणावर शिंपीकाकांचे दुकान. दुकानाच्या दारात ते एक लाकडी पुतळा उभा करून ठेवत, त्याच्या अंगात नवा कोट असे. वाऱ्याने पावसाचे शिंतोडे दारापर्यंत येऊ लागले म्हणून काका त्या पुतळ्याला कवेत घेऊन आत न्यायला रस्त्याच्या कडेला आले होते. कोट भिजू नये म्हणून ते पाठमोरे वळले आणि त्यांचे पाऊल रस्त्यावर आले.

चिंगीने ब्रेक दाबला. तिच्या पायाचा पूर्ण जोर मला जाणवला. पण मी थांबले नाही.

माझे हँडल काकांना लागले. ते पडले, त्यांच्या अंगावर पुतळा पडला, आणि त्यांचे उजवे मनगट मोडले.

"मी ब्रेक दाबला होता," चिंगी रडत रडत सगळ्यांना सांगत होती. "दाबला होता, पण लागलाच नाही!"

पुढचे दोन-तीन दिवस लख्ख ऊन पडले आणि अंगण वाळले. मग एका सकाळी शिंपीकाकू आमच्या अंगणात आल्या, शेजारचे दोघेतिघेही जमले. काकू म्हणाल्या, "पोरगी म्हणते ब्रेक लागला नाही. मग बघाच की एकदा सगळ्यांसमोर."

मालक दुखऱ्या गुडघ्याने माझ्यावर बसले. अंगणात थोडे अंतर मला पळवले आणि ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. धुळीत चाकाची रेघ उमटली.

"ब्रेक ठीक आहे," मालक म्हणाले.

ते खोटे बोलले नाहीत, मित्रांनो. पण त्यांच्या आवाजात सुटकेची एक छटा होती, ती मी ओळखली. इतकी वर्षे आपल्या हाताने राखलेली गाडी निर्दोष ठरली होती. मालकीणबाईंनीही मान हलवली. चिंगी एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा बाबांकडे. मग ती आत निघून गेली.

खरे काय होते, ते मला ठाऊक होते. माझ्या चाकाच्या मधोमध एक गोल डबा आहे. त्यात दोन अर्धगोल पट्ट्या असतात. पाय दाबला की त्या पट्ट्या फाकतात, डब्याला आतून घट्ट घासतात आणि चाक थांबते. पण डब्यात पाणी शिरले की पट्ट्या ओल्या होतात आणि नुसत्याच घसरतात. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकाच दाबून थोडे अंतर चालायचे असते. मग घासून घासून डबा गरम होतो आणि पट्ट्या वाळतात. मालक हे नेहमी करत. एवढ्या वर्षांत एकदाही विसरले नाहीत. पण ते त्यांचा पाय करत होता. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता, म्हणून बोलण्याच्या ओघात बाकी सगळे आले आणि हे एवढेच राहून गेले.

मी हे कुणाला सांगणार? मला हॉर्न आहे, तोंड नाही. मी गुन्हेगार होते की साक्षीदार, हेच मला कळेना.

चिंगीने माझी चावी खिळ्याला अडकवली आणि तिला हात लावायचे सोडून दिले. ती रोज शिंपीकाकांच्या दुकानात जाऊ लागली. कापड कापून दे, सुईत दोरा ओवून दे, इस्त्री फिरव. काका तसे हसऱ्या स्वभावाचे. हातावरचे पांढरे प्लास्टर दाखवून ते तिला म्हणत, "हे तुमच्याच घरचं आहे का गं? उद्या माझ्या मनगटाला दात फुटायचे!" चिंगी हसत नसे. सुरुवातीला ती म्हणायची, "काका, मी ब्रेक दाबला होता." मग म्हणू लागली, "मला वाटतं, दाबला होता." आणि एके दिवशी घरी जेवताना ती आईला म्हणाली, "मीच दाबला नसेन गं. घाबरून गेले असेन. आज काकांची माफी मागितली." दार उघडे होते. अंगणात उभ्या असलेल्या मला ते सगळे ऐकू आले. खरे बोलणारी मुलगी न केलेली चूक कबूल करत होती.

कवळ्या पोचवायला आता मालकांनाच जावे लागे. असेच एकदा आम्ही पावसात सखल रस्त्यावरच्या पाण्यातून बाहेर आलो आणि मालक एकदम कळवळले. गुडघ्यातून सणक गेली होती. त्यांनी खाली पाहिले. उजवा पाय ब्रेकवर हलकेच दाबलेला होता. समोर रस्ता रिकामा होता. थांबायचे काहीच कारण नव्हते. मग पाय का दाबला?

मालकांनी मला कडेला घेऊन उभे केले. मग त्यांनी मला वळवले आणि पुन्हा पाण्यात घातले. या वेळी बाहेर आल्यावर त्यांनी पाय उचलूनच धरला आणि थोडे पुढे गेल्यावर पूर्ण जोराने ब्रेक दाबला. मी थांबले नाही. वळण ओलांडून, शिंपीकाकांच्या दुकानासमोरून घरंगळत पुढे गेले.

रेनकोटाच्या टोपीतून त्यांच्या चेहऱ्यावर पाणी ओघळत होते. "अरे देवा," ते म्हणाले. "पोरगी खरं बोलत होती."

तुम्हाला वाटेल, ते तडक घरी गेले आणि त्यांनी सगळे सांगून टाकले. तसे झाले नाही. मोठ्या माणसांना काही शब्द फार जड होतात. त्या दिवसापासून ते मला फडक्याने पुसत बसू लागले. आधीच स्वच्छ असलेली चाके पुन्हा पुन्हा घासू लागले. "दातांना पॉलिश करायचं सोडून गाडीला काय चकाकी आणताय?" मालकीणबाईंनी विचारले. ते दुसऱ्या चाकाकडे वळले. जेवताना चिंगी पुन्हा "चूक माझीच" म्हणाली की ते तिच्याकडे न बघता भात कालवत राहत.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला शिंपीकाकांच्या दारात नेऊन उभे केले. आत काका खुर्चीवर बसले होते, काकू बटणे लावत होत्या आणि चिंगी मोठ्या कात्रीने कापड कापत होती.

"त्या दिवशी ब्रेक लागला नव्हता," मालक उंबऱ्यातूनच म्हणाले.

"आता हे काय नवीन?" काकूंनी विचारले.

"नवीन नाही. ती पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती." आणि त्यांनी सगळे सांगितले. पाण्याचे, डब्याचे, आपल्या पायाचे. "मी तपासला तो कोरड्या अंगणात. आणि पाय काय करतो ते मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. म्हणून तिला सांगायचं राहिलं."

कात्रीचा आवाज थांबला.

"तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

"गेल्या आठवड्यात."

"गेल्या आठवड्यात?" चिंगीने कात्री खाली ठेवली. "मी इथे रोज येऊन सांगत होते की चूक माझीच असेल. काकांची माफी मागितली मी. घरी येऊन तुमच्यासमोर बोलले. आणि तुम्ही भात कालवत बसला होतात!"

मालकांनी दाराची चौकट धरली. अपघाताच्या वेळी ते अजाण होते. पण गेला आठवडाभर ते अजाण नव्हते.

काका म्हणाले, "दातवाले, मनगट पावसानं मोडलं असं मी म्हणेन. पण पोरीचा शब्द खोटा पाडलात तो तुम्ही, आणि तोही चारचौघांत."

"मग चारचौघांतच तो खरा करतो," मालक म्हणाले.

त्याच दिवशी ते घरोघर गेले. मला सोबत नेले नाही. लंगडत पायीच गेले. "चला, मीही येते," मालकीणबाई म्हणाल्या. "मान मीही हलवली होती." त्या दिवशी अंगणात जमलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितले, दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनाही सांगितले. कुणी म्हणाले, "जाऊ द्या हो, झालं गेलं." मालक म्हणाले, "नाही, पूर्ण ऐकून घ्या."

चिंगी मात्र बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतेच बोलत होती. माझ्याकडे तर फिरकलीही नाही. मग एकदा पावसाची रिपरिप चालू असताना ती दोन हेल्मेटे घेऊन बाहेर आली.

"बसा मागे," ती बाबांना म्हणाली. "आणि तुमचं अंग जे जे करेल ते सगळं मोठ्यानं सांगायचं. एकसुद्धा गोष्ट गिळायची नाही."

आम्ही निघालो. मालक मागून ओरडत होते, "वळणाआधी मी खांदा सैल सोडतो! खड्डा दिसला की सीटवरून किंचित उठतो!" आपण इतके काही करतो याचे त्यांनाच आश्चर्य वाटत होते. सखल रस्त्यावरचे पाणी संपले. तेव्हा मागच्या पायटेकणीवर, जिथे ब्रेक नसतोच, तिथे त्यांचा उजवा पाय दाबला गेला.

"आत्ता पाय दाबलात ना?"

"हो."

"मग सांगा की!"

"ब्रेक हलका दाबून ठेव, चिंगे. वाळू दे त्याला."

तिने दाबून ठेवला. वळणावर आल्यावर तिने मला थांबवले, आणि मी थांबले.

पण मित्रांनो, यामुळे सगळे पुसले गेले असे समजू नका. काकांचे मनगट बरे झाले, तरी पूर्वीसारखे वळत नाही. हाताने काज करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. आता बारीक काज चिंगी करते आणि काका शेजारी बसून तिला टाका दाखवतात. ते तिच्यावर कधी रागावले नाहीत. तरी त्या दारावरून जाताना मालकांची मान अजून खाली जाते, आणि माझा आवाज मला नकोसा होतो.

तुम्हाला कुणी काही शिकवत असेल तर त्यांचे बोलणे ऐका, पण त्यांच्या हातापायांकडेही लक्ष ठेवा. ते न बोलता बरेच काही करत असतात. "हे तुम्ही का केलंत?" असे जरूर विचारा, त्यात उद्धटपणा नाही. आणि आणखी एक विनंती आहे. तुमचा भाऊ, बहीण किंवा मैत्रीण कधी रडत सांगेल, "मी खरंच दाबला होता." तेव्हा कोरड्या अंगणात तपासून निकाल देऊ नका. ते म्हणतात तिथे जा, पाऊस पडत असेल तरी जा, आणि त्याच पाण्यातून एकदा गाडी घालून बघा.