इंगीमुंडचे अमर टायर

त्या शनिवारी हिमनदीखालच्या आमच्या क्लेट्टूर गावात पेट्रोल पंपामागच्या मोठ्या खडकापुढे एवढी गर्दी लोटली होती की रांगेचं शेपूट थेट समुद्रात गेलं होतं आणि दोन सील आपणही रांगेत घुसावं की काय, या विचारात पडले होते. खोटं वाटत असेल तर सीलना विचारा.

प्रत्येकाजवळ एक तरी टायर होता. कुणी लोळवत आणलेला, कुणी घसरगाडीवर बांधलेला. आमच्या गावच्या हाउल्फदानने तर दुखणाईत कोकरू आणावं तसा छातीशी कवटाळून आणला होता. हिमनदीवर चालणाऱ्या जीपचे ते कमरेएवढे टायर. कुठला झिजून गोटा झालेला, तर कुठल्याच्या बाजूला म्हातारीच्या हातासारख्या भेगा. सगळ्यांच्या डोळ्यांत मात्र एकच आशा, की आज बरा होईल!

खडकाच्या पायथ्याशी पत्र्याची शेड होती आणि शेडच्या दारात इंगीमुंड उभा होता. लोकरीचा स्वेटर त्याने उलटा घातला होता. खडकात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसांना सरळ स्वेटरचा राग येतो म्हणे. हा इंगीमुंड याआधी टकलावर केस उगवणारं शार्कचं तेल विकायचा. टकलं तक्रार करायला लागली, तेव्हा त्याने आपला मोर्चा गोट्या टायरांकडे वळवला. टायर बोलत नाहीत, ही त्यांची मोठी सोय.

"रबर मरत नसतं, मित्रांनो!" तो ओरडत होता. "रबर झोपतं! रबर म्हणजे झाडाचं दूध. खडकातल्या बाया रात्रभर त्याला अंगाई गातात, सकाळी ते बाळ होऊन उठतं! ज्याला वय नाही, त्याला मरण नाही!"

"किती वर्षं चालेल रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"वर्षं? वर्षं माणसाला असतात. तुझा नातू हा टायर त्याच्या नातवाला देईल!"

मग त्याने शेडमधून आदल्या दिवशी घेतलेला एक टायर बाहेर लोळवला. गर्दीच्या तोंडून एकच "आऽ" निघाला. टायर एवढा काळा की शेजारी कावळा बसला असता तर धुऊन रंग गेल्यासारखा दिसला असता. भेगा गायब. नक्षी बोटभर खोल. बायका डोळे पुसायला लागल्या. मी वाळवलेल्या माशाचा तुकडा चघळत होतो, तो तसाच तोंडात राहिला.

"पथ्यं दोनच," इंगीमुंड म्हणाला. "शेडमध्ये कुणी डोकवायचं नाही. आणि बऱ्या झालेल्या टायरातली हवा कधीही सोडायची नाही. ती साधी हवा नाही, खडकातल्या माणसांचा श्वास आहे. सोडलीत तर टायर मरेल आणि पाप सोडणाऱ्याच्या माथी बसेल."

आता हे दुसरं पथ्य आमच्यासारख्यांनी ऐकून घ्यावं, याहून मोठा चमत्कार नाही. बर्फाच्या कडेला पोचलं की आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा खाली उतरून हवा सोडतं. टायर पोट सुटलेल्या पाद्र्यासारखा ऐसपैस पसरला की जीप बर्फावर तरंगते. टणक टायर बर्फात रुततो, नाहीतर हिमनदीच्या खोल भेगेवरचं बर्फाचं पापुद्र्यासारखं झाकण फोडून गाडीसकट खाली जातो. हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं शहाणपण. पण खडकाचं नाव निघालं आणि ते शहाणपण विरघळलं. आमच्यात खडकात माणसं राहतात असं कोणी म्हणत नाही, आणि राहत नाहीत असंही कोणी म्हणत नाही. रस्ता मात्र खडकाला वळसा घालून जातो. या मधल्या फटीत इंगीमुंडने दुकान थाटलं.

हे सगळं मी लांबून बघत हसत राहिलो असतो. पण तेवढ्यात गावच्या बचाव पथकाचा प्रमुख केटिल खुर्चीवर चढला.

"पथकाच्या जीपचे चारही टायर इंगीमुंडने बरे केलेत!" त्याने जाहीर केलं. "नववर्षाला फटाके विकून जमवलेले पैसे नव्या टायरांत घालायची गरज उरली नाही. त्या पैशांतून पथकाच्या गरम पाण्याच्या कुंडावर छप्पर बसेल!"

टाळ्या पडल्या. माझी टाळी मात्र वाजली नाही. कारण ती जीप चालवते माझी मुलगी ब्रिन्या. आणि पुढच्या शनिवारी तिला हिमनदीवरच्या हवामानवाल्यांच्या झोपडीत सामान पोचवायचं होतं.

संध्याकाळी मी विषय काढला.

"बाबा, आता तू शिकवणार?" ब्रिन्या हसली. "लहानपणी तूच सांगायचास ना, की खडकातल्या बाईने तुझं जादा चाक उसनं नेलं आणि परत देताना त्यात लोणी भरून दिलं?"

"अगं, ती थाप होती! थाप ऐकायची असते, तिच्यावर गाडी चालवायची नसते."

"चालतेय पण गाडी. डांबरावर लोण्यासारखी जाते."

"आणि बर्फाच्या कडेला पोचल्यावर? हवा सोडशील?"

ती कॉफीच्या कपात बघत म्हणाली, "केटिलने नको सांगितलंय. सगळ्यांसमोर मी एकटीच कशी नाही म्हणू? उद्या काही झालं तर म्हणतील, हिनेच श्वास सोडला."

बघा, फसवणूक अशी काम करते. पोर हुशार, हात पोलादाचे, वादळात जीप नाकासमोर नेणारी. पण चारचौघांत वेडं ठरायची भीती तिला हिमनदीच्या भेगेपेक्षा मोठी वाटत होती.

मी दुसऱ्या दिवशी स्टाइनवोरकडे गेलो. ती आमच्या भागातली जनावरांची डॉक्टर. जिभेला हाड नाही आणि कुणाची भीडही नाही.

"मी म्हातारा थापाड्या आहे, माझं कोण ऐकणार?" मी म्हटलं. "तू ये."

"येते," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांत चांगलं मढं फाडलं नाही."

शनिवारी सकाळी पथकाच्या जीपला निरोप द्यायला सगळं गाव पंपावर जमलं. इंगीमुंड उलट्या स्वेटरात चाकांभोवती फेऱ्या मारत काहीतरी पुटपुटत होता. स्टाइनवोर गर्दीतून पुढे आली, पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि टायरच्या बाजूवरून बोट फिरवत राहिली.

"काय शोधतेस?" केटिलने विचारलं.

"याचं वय. प्रत्येक टायरच्या बाजूवर चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्या आठवड्यात तो कारखान्यात जन्मला. इथे नुसतं गुळगुळीत लागतंय."

"कारण आता त्याला वयच नाही!" इंगीमुंडने हात पसरले. "खडकातल्या बायांनी पुसलं!"

"बायांजवळ कानस असते वाटतं? घासल्याचे ओरखडे आहेत इथे." स्टाइनवोर उठली. "म्हाताऱ्या मेंढीचे दात घासून तिला तरणी म्हणून विकणारा एक भामटा मी पाहिलाय. मेंढी तरणी झाली नाही, फक्त तिला चावता येईना."

लोक हसले. इंगीमुंड हसला नाही.

"श्रद्धा नसणाऱ्याला ओरखडेच दिसायचे!"

"बरं, श्रद्धेने बघू. ब्रिन्या, वर गेल्यावर जेवढी सोडतेस तेवढी हवा इथेच सोडून दाखव. इथे मेला तर निदान घर जवळ आहे."

"खबरदार!" इंगीमुंड किंचाळला. "श्वास सोडलात तर अख्ख्या गावावर कोप होईल!"

केटिलही मध्ये पडला. "स्टाइनवोर, पुरे झालं. पोरीला निघायचंय, वर हवामान बिघडतंय."

"म्हणूनच म्हणते," स्टाइनवोर म्हणाली. "वर ती जाणार, तू नाही. तू गरम कुंडात बसणार, छपराखाली."

सगळे ब्रिन्याकडे बघायला लागले. मी तोंड मिटून उभा राहिलो. मी बोललो असतो तर ती बापाची थाप झाली असती. ब्रिन्याने एकदा हिमनदीकडे पाहिलं, एकदा केटिलकडे. मग हातमोजे काढून खाली बसली आणि व्हॉल्व्ह उघडला.

फुस्सऽऽ. खडकातल्या माणसांचा श्वास बाहेर आला. त्याला पेट्रोल पंपाच्या हवेसारखाच वास होता.

टायर बसायला लागला, बाजू फुगून बाहेर आली. आणि त्या फुगवट्यावर काळा लेप पापडासारखा तडकला. लेपाखालच्या भेगा एकामागून एक उघडल्या, नदी आटल्यावर चिखल उघडतो तशा. गर्दीतून या वेळी "आऽ" निघाला नाही.

"आता थोडं पुढे घे," स्टाइनवोर म्हणाली.

ब्रिन्याने जीप हळूच पुढे घेतली. खडक राहिला जागच्या जागी, कोणी कोपलं नाही. फक्त टायरची बाजू वीतभर फाटली आणि जीप त्या कोपऱ्यावर मट्कन बसली.

ब्रिन्या खाली उतरली. तिने फाटलेल्या जागेवर हात ठेवला.

"हे वर झालं असतं," ती एवढंच म्हणाली. "भेगेच्या कडेला."

स्टाइनवोरने चाकू काढून नक्षीच्या खाचेत खुपसला आणि रबर फाकवलं. आत टायरच्या सांगाड्याच्या पोलादी तारा चमकल्या.

"बघा तुमचं बाळ. नक्षी उगवलेली नाही. उरलंसुरलं रबर गरम पात्याने खोल कोरलंय. जे थोडं आयुष्य होतं, तेही कापून काढलंय. भेगांत काळा लेप भरलाय. पूर्ण हवा असली की बाजू ताठ राहते, लेप तडकत नाही, डांबरावर गाडी छान पळते. हवा सोडली की बाजू वाकते आणि सोंग उघडं पडतं. म्हणून याला तुमचा श्वास एवढा प्यारा!"

हाउल्फदानने तोवर शेडचं दार लाथेने उघडलं होतं. आत अंगाई गाणारी बाई नव्हती. विजेवर तापणारं पातं होतं, कानस होती, काळ्या लेपाचे डबे होते आणि खाली रबराच्या कातरणांचा ढीग.

"अरे, पण तुझी जीप?" ब्रिन्या एकाएकी म्हणाली. इंगीमुंडची जीप कडेला उभी होती. ती जाऊन चाकापाशी वाकली. "याचे आकडे जागेवर आहेत. गेल्या शरदातले, कोरे करकरीत! तू का नाही रे तुझे टायर बरे करून घेतलेस?"

"मी..." इंगीमुंडने उलटा स्वेटर खाली ओढला. "मी वैद्य आहे. रोगी नाही."

असा हशा झाला की खडकात खरंच कोणी राहत असतं तर खिडकी उघडून ओरडलं असतं.

केटिलचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा झाला होता. पण माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता. त्याने जॅक उचलला. "माप तेच आहे. काढा याचे चारही टायर."

"ही चोरी आहे!" इंगीमुंड ओरडला.

"छे," स्टाइनवोर म्हणाली, "खडकातल्या माणसांनी उसने नेले म्हण."

ब्रिन्या त्या टायरांवर गेली, कडेला हवा सोडली, सामान पोचवलं आणि वादळ ओसरल्यावर हसत परत आली. उसने टायर परत करायचे, म्हणून छपराचे पैसे नव्या टायरांत गेले. गरम कुंडात बसलं की डोक्यावर बर्फ पडतं. पडू दे.

मी जन्मभर थापा मारल्या, तरी एक गोष्ट शपथेवर सांगतो. रबर म्हातारं होतं. उन्हाने, थंडीने, दगडांनी आणि नुसतं पडून राहूनही. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या. दहा झाली की नक्षी कितीही कोवळी दिसो, काढून टाका. दगडधोंड्यांत आणि बर्फात हवा सोडून हाकत असाल तर त्याच्याही आधी. अंगाईने, मंत्राने, खडकाने त्यात एका दिवसाची भर पडत नाही. आणि कोणी तुम्हाला म्हणाला, "सगळं बघा, पण एवढं एक तपासू नका, पाप लागेल," तर त्याचे आभार माना. नेमकं कुठे तपासायचं, ते त्याने स्वतःच बोट ठेवून दाखवलेलं असतं.